विल्सन व्याख्यानं : एक माळ, दोन कपाटं

डॉ. जॉन विल्सन यांच्या नावाच्या निधीतून मुंबई विद्यापीठात भाषाशास्त्रावर व्याख्यानं होत. १८७७ साली रामकृष्ण गोपाळ भांडारकर बोलले. ग्रंथ निघाला १९१४ साली. १९१५-१६ची व्याख्यानं नरसिंहराव दिवेटियांची, गुजरातीवर. आज भांडारकर संस्कृतच्या कपाटात आणि दिवेटिया गुजरातीच्या, म्हणजे माळ तुटलीच की. भांडारकरांनी तर संस्कृत, पाली, प्राकृत, अपभ्रंश असं करत मराठी, गुजराती, हिंदी एका पंगतीला बसवल्या, तेही इंग्रजीतून बरं का! घरात मराठी, बाजारात गुजराती बोलणाऱ्या आम्हा बडोदेकरांना ती पंगत ओळखीची वाटते. मात्र छापील पानांत सभागृह नाही. श्रोत्यांनी काय विचारलं, कुठे अडवलं, कळत नाही. निदान सूचीत विषयाआधी व्याख्यानमालेचं नाव तरी लिहा.