‘आम्ही’कडून ‘मी’कडे : बारा पायऱ्यांचा गट सोडणाऱ्याची न लिहिलेली कथा

व्यसनमुक्तीविषयीच्या मराठी लेखनात दोन शेवट रूढ झालेले दिसतात. एक तर माणूस दारूने संपतो, नाहीतर एखाद्या केंद्राच्या किंवा गटाच्या आश्रयाने सावरतो आणि पुढे तिथेच इतरांचा आधार बनतो. तिसरा एक माणूस या लेखनात जवळजवळ भेटत नाही. तो काही वर्षे गटाच्या सभांना गेला, तिथे सावरला, मग त्याने जाणे थांबवले, आणि तरीही तो पुन्हा प्यायला नाही. या तिसऱ्या माणसाला आपल्या वाङ्मयात आणि व्यवहारात जागा का मिळाली नाही, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न वैद्यकीय आहेच. पण तो माणूस स्वतःचे वर्णन कोणत्या भाषेत करतो, हा त्यातील वाङ्मयीन भाग आजवर दुर्लक्षित राहिला आहे.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन येथे बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यासक्तांच्या भेटीतून जन्मली. तिचा आधारग्रंथ १९३९ साली प्रसिद्ध झाला. भारतात ती १९५७ मध्ये आली. मुंबईच्या उपनगरांत तिला अनुकूल भूमी मिळाली. वांद्र्याला फादर जो परेरा यांनी १९८१ साली स्थापन केलेल्या कृपा फाउंडेशनने बारा पायऱ्यांना अय्यंगार योगाची जोड दिली. आज अंधेरी-बोरिवलीकडे काय किंवा घाटकोपर-मुलुंडकडे काय, शाळेच्या रिकाम्या वर्गात अथवा चर्चच्या सभागृहात संध्याकाळी भरणारी सभा ही अपरिचित गोष्ट राहिलेली नाही. ‘मिटिंग’, ‘शेअरिंग’, ‘स्पॉन्सर’, ‘स्लिप’ हे शब्द तिथल्या मराठी बोलण्यात मराठीच होऊन गेले आहेत.

या बारा पायऱ्या संहिता म्हणून वाचल्या तर एक व्याकरणिक विशेष चटकन लक्षात येतो. त्यांचा कर्ता प्रथमपुरुषी अनेकवचनी आहे आणि काळ भूतकाळ आहे. ‘आम्ही’ मद्यापुढे हतबल असल्याचे मान्य केले, ‘आम्ही’ आमच्या दोषांची नोंद केली, अशा त्या चालतात. म्हणजे ही आज्ञांची यादी नसून एका समूहाने आपल्या वाटचालीचे केलेले कथन आहे. नवागत ते ऐकतो आणि त्या ‘आम्ही’त सामील होतो. त्याचा ‘मी’ लाजेने आणि अपराधभावाने पोखरलेला असतो. त्याला हा अनेकवचनी आधार मिळणे हे फार मोठे काम आहे, आणि ते ही संहिता उत्तम रीतीने करते. परंतु त्याच व्याकरणामुळे गट सोडणाऱ्याची अडचण होते. जी कथा ‘आम्ही’च्या तोंडी आहे, तिचा उत्तरार्ध ‘मी’ने कसा सांगावा, याची सोय संहितेत नाही.

येथे संहिता आणि तिच्याभोवती वाढलेली मौखिक परंपरा यांत भेद केला पाहिजे. १९३९ चा ग्रंथ या बाबतीत बराच उदार आहे. एखाद्याला दुसऱ्या मार्गाने जावेसे वाटले तर त्याला त्याच्या सद्सद्विवेकानुसार जाऊ द्यावे, अशा आशयाचा सल्ला त्यात स्पष्टपणे दिला आहे; मुक्तीची मक्तेदारी आपल्याकडे असल्याचा दावा त्यात नाही. नव्वद दिवसांत नव्वद सभा, किंवा न पिताही मनाने दारुड्याच राहिलेल्यासाठी वापरला जाणारा ‘ड्राय ड्रंक’ हा शब्द, ही सारी नंतरच्या बोलण्यातली भर आहे. या बोलण्यात एक चक्राकार तर्क शिरतो. गट सोडून जो प्यायला तो सिद्धान्ताचा पुरावा ठरतो. जो प्यायला नाही, तो मुळात खरा मद्यासक्त नव्हताच असे म्हटले जाते. कोणत्याही निरीक्षणाने खोटे ठरू शकत नाही असे विधान धर्मग्रंथाला शोभेल, उपचारपद्धतीला शोभत नाही.

अर्थात टीकाकारांनीही सावध राहायला हवे. कॉक्रेन संस्थेच्या २००६ च्या आढाव्यात या पद्धतीच्या परिणामकारकतेचा निःसंदिग्ध पुरावा आढळला नव्हता, आणि हाच निष्कर्ष टीकाकार आजही पुढे करतात. पण त्याच संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात, २७ अभ्यास आणि १०,५६५ व्यक्ती यांच्या आधारे, अखंड मद्यमुक्तीच्या बाबतीत बारा पायऱ्यांकडे नेणारे सुघटित उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. गट निरुपयोगी आहे असे म्हणण्याला आता आधार उरलेला नाही. दुसऱ्या बाजूने, अमेरिकेत २००१-०२ साली झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पूर्वी मद्याधीन असलेल्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोकांनीच कधी काळी कोणतेही साहाय्य घेतल्याचे दिसले, आणि सावरलेल्यांची संख्या मात्र त्याहून कितीतरी मोठी होती. तेव्हा तिसरा माणूस अस्तित्वात आहे, आणि तो अपवाद म्हणण्याइतका विरळाही नाही.

मराठीत या माणसाचा पूर्वज शोधायचा तर राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’कडे (१९१९) जावे लागते. हे नाटक दारूच्या दुष्परिणामांचे नाटक म्हणून पिढ्यान्पिढ्या शिकवले गेले. दारू सोडण्याचे नाटक म्हणून ते क्वचितच वाचले गेले. वास्तविक सुधाकर दारू सोडतो. तो शपथ घेतो, ती मनापासून घेतो, आणि काम मागण्यासाठी जुन्या परिचितांकडे जातो. तिथे त्याच्या वाट्याला अपमान येतो आणि तो पुन्हा पेल्याकडे वळतो. त्याचे पतन इच्छाशक्तीच्या अभावामुळे झाले असे मानणे ही सोयीची, पण उथळ समीक्षा होय. गडकऱ्यांनी दाखवले ते असे की, दारू सोडलेल्या माणसाला परत घेण्याची प्रतिष्ठितांची तयारी नसते. आणखी एक योजना मार्मिक आहे. या नाटकात मंडळ आहे ते पिणाऱ्यांचे, तळीरामाचे आर्यमदिरामंडळ. तिथे सभासद आहेत, सभा आहेत, तत्त्वज्ञान आहे. सोडणारा मात्र एकटा आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसने पुढे जे केले ते जणू हेच नेपथ्य उलटे फिरवणे होते. मंडळ सोडणाऱ्यांचे झाले.

त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे डॉ. अनिल अवचट यांचे लेखन. ‘गर्द’मधील शोधक पत्रकारिता आणि १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांच्यासह पुण्यात उभे राहिलेले मुक्तांगण, या दोहोंमुळे व्यसनी माणूस मराठी वाचकासमोर खलनायक म्हणून न येता रुग्ण म्हणून आला. रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट निघाला, आणि सिंधूचे मूक सोसणे प्रथमच बोलते झाले. परंतु केंद्राची गोष्ट ही स्वभावतःच केंद्रात येणाऱ्यांची गोष्ट असते. जो येत नाहीसा झाला, त्याच्याविषयी काळजी असते, कथा नसते.

वाङ्मयाबाहेर पाहिले तर मात्र मराठी समाजाजवळ गटाविना, निदान या प्रकारच्या गटाविना, दारू सोडण्याच्या जुन्या-नव्या रीती आहेत. वारकरी संप्रदायात माळ घातली की मद्य आणि मांस सुटते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत मद्यपान न करण्याची प्रतिज्ञा आहे, आणि पंचशीलातील पाचवे शील वंदनेच्या वेळी पुन्हा पुन्हा उच्चारले जाते. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरासारख्या वस्तीत हा उच्चार नित्याचा आहे. यांचे व्याकरण बारा पायऱ्यांच्या नेमके उलट आहे. कर्ता ‘मी’ आहे आणि रोख पुढच्या काळाकडे आहे. हतबलतेची कबुली नाही, स्वतःच्या बळावरचा विश्वास आहे. ज्या माणसाला शतकानुशतके हतबल ठेवले गेले, त्याने मुक्तीची पहिली पायरी म्हणून पुन्हा हतबलताच मान्य करावी, ही अपेक्षा या वस्तीत विचित्र वाटली तर नवल नाही. रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ साली सुरू केलेल्या श्रीसमर्थ बैठकींचा मार्ग या दोहोंच्या मधला म्हणता येईल. साप्ताहिक एकत्र येणे तिथेही आहे, पण तिथे आत्मकथन नाही, दासबोधाचे निरूपण आहे.

मग सुधाकरची शपथ का मोडली आणि माळकऱ्याची का टिकते? याचे एक उत्तर असे की, माळकऱ्याची शपथ गळ्यात दिसते. लग्नाच्या वरातीत, गावच्या जत्रेत त्याला कोणी आग्रह करत नाही. ‘माळकरी आहे’ एवढे दोन शब्द पुरतात. समाजाने त्याला नाव दिलेले असते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे तत्त्व याच्या विरुद्ध टोकाला आहे. नाव झाकणे हाच तिचा पाया. नोकरी आणि अब्रू जपण्यासाठी ही अनामिकता आवश्यकच होती. पण तिचा एक परिणाम फारसा विचारात घेतला जात नाही. सभेच्या खोलीत माणसाला ओळख असते; खोली सोडली की त्याच्याजवळ ‘आम्ही’ही उरत नाही आणि माळही नसते. बोरिवलीचा एखादा नोकरदार बदललेल्या पाळीमुळे, लांबलेल्या लोकलच्या प्रवासामुळे, क्वचित ईश्वरविषयक मतभेदामुळे सभा सोडतो, आणि त्यानंतर कार्यालयाच्या पार्टीत त्याला ॲसिडिटी, शुगर, चालू असलेल्या गोळ्या अशी कारणे सांगावी लागतात. त्याने आधी पिणे लपवले होते. आता तो न पिणे लपवतो.

पाश्चात्त्य पर्यायांनी या पोकळीचा विचार वेगळ्या दिशेने केला. विमेन फॉर सोब्रायटीने (१९७५) स्त्रियांसाठी हतबलतेऐवजी सामर्थ्याची भाषा वापरली. अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ मानसोपचारावर बेतलेली स्मार्ट रिकव्हरी १९९४ पासून कार्यरत आहे. तिच्यात ‘मद्यासक्त’ हे बिरूद आयुष्यभर मिरवण्याची सक्ती नाही आणि शिकून झाल्यावर बाहेर पडणे हे अपयश समजले जात नाही. एलिस यांचा विचार मराठी वाचकाला परका नाही. कि. मो. फडके यांनी मुंबईतून त्याचा आयुष्यभर प्रसार केला आणि अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरीही आहे. तरीही या विचाराची व्यसनमुक्तीशी सांगड मराठीत ठळकपणे घातली गेलेली नाही. येथे एक खुलासा आवश्यक आहे : गट सोडणे म्हणजे वैद्यकीय मदत सोडणे नव्हे. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू थांबवल्यास झटके व भ्रमावस्था येऊन जीवही जाऊ शकतो. सुधाकरच्या काळात शपथेवाचून दुसरे साधन नव्हते. आज डॉक्टर आणि औषधे आहेत.

तिसऱ्या माणसाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यापुढे अडचण आहे ती त्याला शोधण्याची. गटाची पाहणी करावी तर ती हजर असलेल्यांची होते. रुग्णालयाची करावी तर आजारी पडलेल्यांची. जो बरा राहिला आणि निघून गेला, तो दोन्ही वह्यांत नसतो. त्याचा पत्ता लागलाच तर वस्तीतल्या दवाखान्यात, विहारात, बैठकीत किंवा त्याच्या पत्नीच्या बोलण्यात लागेल, आणि तेव्हा त्याला विचारायचा पहिला प्रश्न ‘किती दिवस झाले’ हा नसून ‘लोकांना काय सांगता’ हा असला पाहिजे.