प्रवाळांचा तापमापक : स्ट्रॉन्शियम-कॅल्शियम गुणोत्तरावर आधारित सागरी तापमानाच्या पुनर्रचनेची चिकित्सा

प्रास्ताविक

सागरपृष्ठाच्या तापमानाच्या उपकरणांनी घेतलेल्या नोंदी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून मिळू लागतात. उष्ण कटिबंधातील अनेक विस्तीर्ण सागरी प्रदेशांबाबत तर त्या विसाव्या शतकातही दीर्घकाळ तुरळकच होत्या. त्यामागील काळाचे तापमान जाणून घ्यायचे तर निसर्गानेच राखून ठेवलेल्या अप्रत्यक्ष पुराव्यांकडे वळावे लागते. उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रापुरता असा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे प्रवाळांचा सांगाडा होय. त्यातील स्ट्रॉन्शियम व कॅल्शियम यांच्या गुणोत्तरावरून तापमान काढण्याची पद्धत आज सर्वमान्य झाली असून तिचे निष्कर्ष पाठ्यपुस्तकांतही पोहोचले आहेत. मात्र निष्कर्षाचा आकडा जितका दूर पोहोचला तितक्या दूर त्याच्यामागील अटी पोहोचलेल्या नाहीत. प्रस्तुत लेखात या पद्धतीची चिकित्सा केली आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, या पद्धतीतील मुख्य अडचण मापनयंत्राची नसून प्रवाळाच्या सांगाड्याला केवळ खनिज मानण्याच्या गृहीतकाची आहे. हे ध्यानात घेतल्यास कोणत्या निष्कर्षावर किती विसंबावे, याचा निश्चित क्रम लावता येतो.

पद्धतीचे स्वरूप

पोरायटीस प्रजातीचे घुमटाकार प्रवाळ वर्षाला साधारणतः एक सेंटिमीटर वाढतात. त्यांच्या उभ्या छेदाचे एक्स-किरण छायाचित्र घेतल्यास कमी-अधिक घनतेचे पट्टे दिसतात. नट्सन, बुडेमायर व स्मिथ यांनी १९७२ मध्ये एनिवेटॉक बेटावरील प्रवाळांच्या आधारे हे पट्टे वार्षिक असल्याचे दाखवून दिले. अणुचाचण्यांमुळे सांगाड्यात राहिलेल्या किरणोत्सारी खुणांची त्यांना यासाठी मदत झाली. झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे येथेही कालगणना सांगाड्यातच अंतर्भूत असते. दर मिलिमीटरला एक नमुना घेतला तर जवळजवळ प्रत्येक महिन्याची नोंद हाती येते.

सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटच्या अ‍ॅरागोनाइट या रूपाचा असतो. त्याच्या स्फटिकात काही कॅल्शियम अणूंची जागा स्ट्रॉन्शियम घेते आणि पाणी जितके थंड तितके हे प्रमाण वाढते. ऑक्सिजनच्या समस्थानिकांवर तापमानाबरोबरच पाऊस व क्षारता यांचाही परिणाम होतो. याउलट ही दोन्ही मूलद्रव्ये समुद्रात लाखो वर्षे टिकून राहत असल्याने पाण्यातील त्यांचे गुणोत्तर अल्पकाळात फारसे बदलत नाही. यामुळेच स्ट्रॉन्शियमला 'शुद्ध तापमापक' म्हटले गेले. थिएरी कोरेज यांनी २००६ मध्ये पोरायटीसवरील अनेक समीकरणांची सरासरी काढली. तीनुसार तापमान एक अंशाने वाढले की गुणोत्तर सुमारे ०.०६०७ मिलिमोल प्रति मोल इतके घटते. मूळ गुणोत्तर नऊच्या आसपास असल्याने हा बदल जेमतेम पाऊण टक्क्याचा ठरतो. सारी पद्धत या अतिशय लहान फरकावर उभी आहे.

दोन गाजलेले निष्कर्ष

जे. वॉरन बेक व सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अत्यंत अचूक वर्णपटमापनाच्या साहाय्याने हे गुणोत्तर मोजून दाखवले आणि अर्ध्या अंशापेक्षा सरस अचूकतेचा दावा केला. सुमारे १०,२०० वर्षांपूर्वी वानुआतूजवळील समुद्र आजच्यापेक्षा साडेपाच अंशांनी थंड होता, असाही त्यांचा निष्कर्ष होता. १९९४ मध्ये थॉमस गिल्डरसन व सहकाऱ्यांनी बार्बाडोसच्या जीवाश्म प्रवाळांवरून, हिमयुगाच्या परमोच्च काळात तेथील समुद्र सुमारे पाच अंशांनी थंड असल्याचे मांडले.

या आकड्यांचे महत्त्व स्थानिक नव्हते. सागरतळाच्या गाळातील सूक्ष्मजीवांच्या आधारे 'क्लायमॅप' प्रकल्पाने हिमयुगातील उष्ण कटिबंधीय समुद्र फारसे थंड झालेले नसल्याचे सांगितले होते. हे प्रदेश तेव्हा किती थंड झाले, यावरून हरितगृह वायूंना पृथ्वीचे हवामान किती संवेदनशील आहे याचा अदमास बांधला जातो. त्यामुळे एक अंश आणि पाच अंश यांतील फरक भविष्याच्या अनुमानाशी थेट जोडलेला होता.

चिकित्सा

येथे पहिला आक्षेप असा की, मोजमापाची अचूकता आणि अनुमानाची अचूकता या दोन भिन्न गोष्टी आहेत. यंत्र गुणोत्तर कितीही काटेकोर मोजो, त्या गुणोत्तराचे तापमानात रूपांतर करणारे समीकरण आजच्या जिवंत प्रवाळातील उन्हाळा व हिवाळा यांच्या फरकावरून मिळालेले असते. तेच समीकरण हजारो वर्षांतील सरासरी बदलाला लावणे, हे स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागणारे विधान आहे. प्रवाळाचा जिवंत ऊतींचा थर काही मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याच्या आतही सांगाडा जाड होत राहतो. परिणामी वेगवेगळ्या महिन्यांची रसायने एकमेकांत मिसळतात आणि ऋतूंमधील फरक दबतो. मायकेल गागन व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये हा परिणाम हिशेबात धरून उतार सुमारे ०.०८४ असावा असे सुचवले. ०.३० मिलिमोलचा एकच बदल जुन्या उतारानुसार ४.९ अंश, तर नव्या उतारानुसार ३.६ अंश ठरतो. मोजलेला आकडा तोच असताना निष्कर्ष मात्र सव्वा अंशाहून अधिक सरकतो.

दुसरा आक्षेप जीवशास्त्रीय आहे. प्रवाळ हा प्राणी आपला सांगाडा समुद्राच्या पाण्यात थेट नव्हे, तर ऊतींखालील एका बंदिस्त जागेत घडवतो. तेथील द्रवाची आम्लता तो बदलतो आणि कॅल्शियम ऊर्जा खर्चून आत घेतो. म्हणजे स्फटिकाला भेटणारे पाणी प्राण्याने आधीच बदललेले असते. स्टेफनी डी व्हिलियर्स व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये वाढीच्या वेगाचा या गुणोत्तरावर परिणाम होत असल्याचे दाखवले. अ‍ॅन कोहेन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये सहजीवी शैवाल असलेल्या आणि नसलेल्या अ‍ॅस्ट्रॅंजिया प्रवाळांची तुलना केली. शैवालयुक्त सांगाड्यातील गुणोत्तराच्या चढउतारापैकी ६५ टक्क्यांपर्यंतचा भाग तापमानाशी संबंधित नसल्याचे त्यांचे म्हणणे होते. ही जात समशीतोष्ण समुद्रातील असल्याने तो आकडा पोरायटीसला जसाच्या तसा लावणे योग्य ठरणार नाही. तथापि त्यातून उपस्थित झालेला प्रश्न टाळता येत नाही.

तिसरा आक्षेप जीवाश्मांपुरता आहे. हिमयुगात समुद्रपातळी सुमारे १२० मीटरने खाली गेली आणि किनाऱ्यालगतचे अ‍ॅरागोनाइटचे थर उघडे पडून झिजले. त्यांतून मुक्त झालेल्या स्ट्रॉन्शियममुळे समुद्राचे गुणोत्तरच वाढले असावे, असे हेदर स्टॉल व डॅनियल श्रॅग यांनी १९९८ मध्ये मांडले. पाण्यातील एक टक्क्याची वाढ दीड अंशाच्या खोट्या थंडाव्याइतकी दिसते. सांगाड्याच्या छिद्रांत मागाहून जमलेल्या अ‍ॅरागोनाइटचा परिणामही त्याच दिशेने होतो. पाच अंशांच्या निष्कर्षातील काही वाटा या कारणांचा असण्याची शक्यता दुर्लक्षिता येत नाही. अर्थात यावरून 'क्लायमॅप'चे अनुमान बरोबर ठरत नाही. नंतरच्या अभ्यासांनी उष्ण कटिबंधाचा थंडावा त्याहून अधिक असल्याचेच सुचवले आहे. प्रवाळांनी जुन्या मताला दिलेला धक्का योग्य होता. त्याचे परिमाण मात्र शंकास्पद होते.

चौथी मर्यादा सर्वांत विचारप्रवर्तक आहे. पाणी अतिशय तापले की प्रवाळाचे विरंजन होते, शैवाल निघून जाते, वाढ मंदावते आणि अशा काळात गुणोत्तर व तापमान यांचा नेहमीचा संबंध विस्कटतो. ज्या उष्णतेची नोंद आपल्याला सर्वाधिक हवी, नेमकी तीच नोंदवताना हा तापमापक अडखळतो.

भारतीय संदर्भ

आपल्याकडेही हा विषय नवा नाही. अहमदाबादच्या भौतिकी अनुसंधान प्रयोगशाळेतील सुप्रियो चक्रवर्ती व आर. रमेश यांनी १९९० च्या दशकात लक्षद्वीप व कच्छच्या आखातातील प्रवाळांच्या ऑक्सिजन समस्थानिकांचा अभ्यास करून त्यांत मोसमी पावसाळ्याशी निगडित तापमानबदलांचा माग काढला. अरबी समुद्राच्या या भागात मोसमी वाऱ्यांमुळे ऐन पावसाळ्यात पाणी थंड होते. त्याच सुमारास पाण्याची क्षारताही बदलू शकत असल्याने तापमान व क्षारता यांचा वाटा वेगळा काढण्यासाठी स्ट्रॉन्शियमची जोड उपयुक्त ठरते. पण पोरायटीसचे समीकरण दुसऱ्या प्रजातीला लावता येत नाही. प्रत्येक स्थळी आणि प्रत्येक प्रजातीसाठी स्थानिक तापमाननोंदीच्या आधारे समीकरण ठरवणे अपरिहार्य आहे.

विश्वासार्हतेचा क्रम

वरील आक्षेपांवरून सर्वच प्रवाळ-नोंदी निकालात काढणे हा दुसरा अतिरेक होईल. एकाच प्रवाळातील वर्षावर्षांच्या चढउताराला सर्वाधिक विश्वासार्हता द्यावी, कारण तेथे प्राणी व स्थळ तेच राहतात. मात्र त्यातही वाढीचा वेग आणि विरंजनाची वर्षे तपासणे आवश्यक आहे. त्याखालोखाल अनेक प्रवाळांच्या एकत्रित नोंदीचे स्थान येते. तेथे वैयक्तिक विक्षेप बऱ्याच अंशी परस्परांना छेदतात. एकाकी जीवाश्मावरून काढलेल्या निरपेक्ष तापमानाचे स्थान सर्वांत शेवटचे असावे.

या निकषावर बेंजामिन हेन्ली व सहकाऱ्यांचा २०२४ मधील 'नेचर'मधील अभ्यास तपासण्यासारखा आहे. त्यांनी स्ट्रॉन्शियम व ऑक्सिजन समस्थानिकांच्या अनेक नोंदी एकत्र करून कोरल समुद्राचे १६१८ पासूनचे तापमान मांडले. जानेवारी ते मार्च २०२४ हा काळ १९०० पूर्वीच्या सरासरीपेक्षा १.७३ अंशांनी उष्ण होता, असे त्यांनी म्हटले. येथे अलीकडची तापमाने उपकरणांची आणि जुन्या शतकांची प्रवाळांची आहेत. हा सांधा कच्चा असू शकतो. परंतु दोन्ही नोंदी विसाव्या शतकातील सामाईक कालखंडावर ताडून पाहिल्या आहेत आणि निष्कर्ष एका प्रवाळावर अवलंबून नाही. म्हणून दशांशस्थळांविषयी सावध राहूनही मूळ विधान स्वीकारण्यास आधार आहे. बार्बाडोसच्या पाच अंशांना तसा आधार नव्हता.

समारोप

डीकार्लो व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये स्ट्रॉन्शियमला युरेनियमची जोड देऊन मांडलेली पद्धत, तसेच लिथियम-मॅग्नेशियम गुणोत्तर, हे प्रयत्न प्राण्याच्या हस्तक्षेपाला हिशेबात घेतात. पूर्वी दोष म्हणून वगळले जाणारे जीवशास्त्र आता समीकरणात येत आहे, ही या क्षेत्रातील खरी प्रगती होय. विज्ञान-अध्यापनात या विषयाचा उल्लेख करताना तापमानाच्या आकड्यासोबत प्रजाती, समीकरण आणि नमुन्यांची संख्या या तीन गोष्टी आवर्जून सांगितल्या जाव्यात. त्या वगळल्या तर हवामानबदल नाकारणारा आणि त्याचा अतिरंजित प्रचार करणारा, असे दोघेही त्याच आकड्याचा सोयीनुसार वापर करू शकतात. प्रवाळाने लिहिलेली नोंद खरीच आहे. परंतु ती एका सजीवाच्या हातची आहे, याचे भान वाचकाने राखणे अगत्याचे आहे.