न्यायमूर्तीचा पहिला वाचक : गंथरकृत हँड-चरित्राची एक चिकित्सा

अमेरिकेतील न्यायाधीशांपाशी वर्ष-दोन वर्षे काम करणाऱ्या तरुण विधिपदवीधरास तेथे ‘लॉ क्लार्क’ म्हणतात. या पदास मराठीत ‘कारकून’ हा शब्द योजला, की अर्थाची हानी होते. कारकून लिहून घेतो, नोंदी ठेवतो, दप्तर सांभाळतो. त्याच्याकडून मतभेदाची अपेक्षा नसते. लर्नेड हँड (१८७२–१९६१) यांच्या दालनात मात्र या साहाय्यकाचे मुख्य काम मतभेद हेच होते. हँड आपले निर्णय स्वहस्ते लिहीत. साहाय्यकाने मसुदा तयार करावयाचा नसे. न्यायमूर्तींनी लिहिलेला मसुदा तपासून त्यातील कच्चे दुवे त्यांच्या तोंडावर दाखवावयाचे असत. तो लेखनिक नव्हता, तर निर्णयाचा पहिला वाचक होता.

अशा पहिल्या वाचकांपैकी एक जेराल्ड गंथर. १९५३-५४ या वर्षी त्यांनी हँड यांच्यापाशी काम केले आणि पुढे चार दशकांनी, १९९४ साली, त्यांचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले. या ग्रंथाची प्रशंसा पुष्कळ झाली आहे व ती अस्थानी नाही. तथापि अभ्यासकापुढे एक प्रश्न उरतोच. ज्याने विश्वासाच्या नात्याने सेवा केली, त्याला आपल्या न्यायमूर्तीची चिकित्सा करता येते काय?

प्रथम ग्रंथाचे बळ पाहू. गंथर यांनी प्रत्यक्ष पाहिलेले वर्ष एकच होते आणि त्या वेळी हँड ऐंशी ओलांडलेले होते. जिल्हा न्यायालयात १९०९ पासून व अपील न्यायालयात १९२४ पासून चाललेल्या त्यांच्या कारकीर्दीचा तो शेवटचा टप्पा होता. वार्धक्यातील त्या प्रतिमेचा रंग मागील सर्व वर्षांवर चढण्याचा धोका उघड होता. तो गंथर यांनी बव्हंशी टाळला आहे. कारण त्यांची भिस्त आठवणींवर नसून हार्वर्ड येथे जतन केलेल्या हँड यांच्या कागदपत्रांवर आहे. आठवण त्यांना प्रश्न पुरवते, उत्तर मात्र ते कागदांत शोधतात. दोलायमान, आत्मसंशयाने ग्रासलेला आणि म्हणूनच दुसऱ्याचा आक्षेप ऐकू इच्छिणारा न्यायाधीश या ग्रंथात जसा उभा राहतो, तसा तो केवळ निर्णयसंग्रह वाचून दिसला नसता.

भाषेच्या अभ्यासकास हा ग्रंथ आणखी एका कारणाने मोलाचा वाटेल. कायद्याच्या अर्थनिर्णयाविषयी हँड यांची दृष्टी शब्दनिष्ठ नव्हती, वाक्यनिष्ठ होती. ‘हेल्व्हरिंग विरुद्ध ग्रेगरी’ (१९३४) या निर्णयात त्यांनी असे प्रतिपादिले, की वाक्याचा अर्थ सुट्या शब्दांच्या अर्थांहून अधिक असू शकतो, जशी चाल ही सुट्या स्वरांहून अधिक असते. ‘कॅबेल विरुद्ध मार्कम’ (१९४५) मध्ये त्यांनी कोशालाच तटबंदी मानण्याविरुद्ध इशारा दिला. असे लिहिणाऱ्याला प्रत्येक वाक्य दुसऱ्याच्या कानावर पारखून घेण्याची गरज का भासे, हे यावरून ध्यानात येते.

परंतु ग्रंथाची खरी कसोटी लागते ती भाषणस्वातंत्र्याच्या प्रकरणी. १९१७ सालच्या ‘मासेस’ खटल्यात हँड यांनी वक्त्याच्या शब्दांनाच प्रमाण मानले. ते शब्द कायदाभंगाची प्रत्यक्ष चिथावणी देतात काय, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. परिणामांचे भाकीत करण्याचे नाकारले. ही कसोटी मूलतः भाषिक होती. विधान आणि आज्ञा यांतील भेद तिच्या मुळाशी होता. अपिलात तो निर्णय टिकला नाही. पुढे १९५० मध्ये ‘डेनिस’ खटल्यात कम्युनिस्ट पक्षाच्या अकरा पुढाऱ्यांची शिक्षा कायम करताना त्याच हँड यांनी अनिष्टाचे गांभीर्य व त्याची संभाव्यता यांचे गणित मांडले. या दोन टोकांमधील अंतर गंथर कनिष्ठ न्यायाधीशाच्या बंधनाने स्पष्ट करू पाहतात. सर्वोच्च न्यायालयाचे पूर्वनिर्णय त्यास पाळणे प्राप्त होते, असा त्यांचा रोख आहे.

हे स्पष्टीकरण खोटे नव्हे, पण अपुरे आहे. ‘कॅरोल टोइंग’ (१९४७) या नौकेच्या नुकसानीच्या खटल्यात निष्काळजीपणा ठरविण्यासाठी हँड यांनी जे सूत्र दिले, त्याची घडणही अशीच होती : एका बाजूस हानीची संभाव्यता गुणिले हानीचे प्रमाण, दुसऱ्या बाजूस खबरदारीचा भार. म्हणजे ‘डेनिस’मधील गणित सर्वस्वी वरून लादलेले नव्हते, ते हँड यांच्या विचाराचे अंगभूत वळण बनले होते. बार्जच्या दोरखंडास लावावयाचे माप विचारस्वातंत्र्यास लावले गेले. येथे पहिल्या वाचकाने कच्चा दुवा दाखवावयास हवा होता. त्याऐवजी तो सांधला गेला.

ताडून पाहण्यास दुसरी साक्ष उपलब्ध आहे. १९५७-५८ मध्ये रोनाल्ड ड्वॉर्किन हँड यांचे साहाय्यक होते. १९५८ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, हँड यांनी हार्वर्ड येथील व्याख्यानांत न्यायालयांच्या घटनात्मक अधिकारावर कठोर मर्यादा सुचविल्या व शालेय वर्णभेदाविरुद्धच्या १९५४ च्या निकालाच्या आधारावरही शंका घेतली. ड्वॉर्किन यांनी पुढे जे तत्त्वज्ञान रचले, ते नेमके या भूमिकेच्या विरुद्ध आहे. त्यांच्या १९९६ च्या निबंधसंग्रहातील हँड यांच्यावरील लेखात आदर आहे, परंतु तो आदर युक्तिवाद थांबवीत नाही. गंथर यांनी तर हँड यांच्यानंतर, १९५४-५५ मध्ये, तो निकाल देणाऱ्या सरन्यायाधीश वॉरन यांच्यापाशीही काम केले होते. दोन्ही दालने आतून पाहिलेल्या चरित्रकाराकडून या विरोधाची अधिक निर्भीड मीमांसा अपेक्षिणे गैर ठरू नये.

भारतातही सर्वोच्च न्यायालयात व मुंबई उच्च न्यायालयात असे विधि-साहाय्यक नेमले जातात. त्यांच्यापैकी कोणी उद्या लेखणी हाती घेईल, त्यास गंथर यांच्या ग्रंथातून दोन गोष्टी शिकता येतील. आपल्या आठवणीची साक्ष कागदांपुढे उभी करावी, हे त्यांनी उत्तम दाखविले आहे. दालनात बजावलेले आक्षेपाचे कर्तव्य ग्रंथातही सुटत नाही, हे त्यांच्या ग्रंथातील उणीव शिकविते.