धर्मग्रामाच्या इतिहासात शाळा

वसईतील धर्मग्रामांच्या महोत्सवी स्मरणिका आम्ही आवडीने हाती घेतो आणि बहुधा अर्धपोटीच उठतो. १५३४ साली वसई पोर्तुगीजांकडे गेली, १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला घेतला. मग धर्मगुरूंची नामावली, नवे छप्पर, घंटेचे वजन. शाळेच्या वाट्याला शेवटचे पान, तेही निकालाच्या टक्क्यांसाठी.

नंदाखालचेच पाहा. पवित्र आत्म्याच्या चर्चच्या प्राचीनतेचे कौतुक आम्ही पुष्कळ वाचले. तिथल्या सेंट जोसेफ मराठी शाळेविषयी तितक्या आस्थेने लिहिलेले आमच्या वाचनात नाही. घरी सामवेदी बोलणारी मुले तिथे पुस्तकी मराठीशी झुंजली. १९४२ साली जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच शाळेचे विद्यार्थी. पुढे 'सुबोध बायबल' त्यांनी मराठीला दिले आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. हे यश चर्चच्या पुण्याईवर टाकून मोकळे होणे आम्हांला पटत नाही. त्यात ग्रामीण शाळामास्तरांचाही वाटा आहे.

आमच्याच घरांतील मुले आज इंग्रजी शाळांत जातात, तेव्हा या विस्मरणात आम्हीही आलोच. तरीही पुढच्या स्मरणिकाकारांनी बाप्तिस्म्याच्या नोंदवहीशेजारी शाळेचे जनरल रजिस्टर उघडावे. कोणती मुलगी कितव्या इयत्तेतून काढली आणि 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात काय लिहिले, ते त्याखेरीज कळणार नाही.