गोलपिठ्यातला रोग घरी येतो तेव्हा

मलिका अमर शेख यांचं 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) आपल्या पोरांनी वाचलंय, पण चोरून. अभ्यासवर्गात नाव काढलं की कुणीतरी म्हणतंच, नामदेवदादांची बदनामी आहे ती. तिकडं पांढरपेशा वाचक त्याच पुस्तकाकडं बोट दाखवतो – बघा, ह्यांचे पँथर असे! बाई काय म्हणते ते दोघांनीही ऐकलं नाही. मला त्यातल्या एकाच गोष्टीवर लिहायचंय.

नवऱ्याकडून आपल्याला गुप्तरोग झाला, असं मलिकाबाई सरळ लिहितात. आता 'गोलपिठा' (१९७२) आठवा. कामाठीपुऱ्यातला रोग, पू, घाण ढसाळांनी कवितेत आणली. तेंडुलकरांची प्रस्तावना होती. मराठी कविता हादरली, आणि हादरायलाच पाहिजे होती. मी स्वतः त्याच पुस्तकामुळं लिहायला लागले. पण तिथं रोग म्हणजे व्यवस्थेवर फेकलेला दगड. मलिकाबाईंच्या पुस्तकात तोच रोग बायकोच्या अंगात आहे. तिथं तो कशाची प्रतिमा नाही, दुखणं आहे. म्हणून हे गद्य मला मोठं वाटतं. शाहिराची लेक, स्वतः कवयित्री, प्रेमाचं लग्न – तरी ही गत. मग आमच्यासारखीनं काय करायचं?

पावण्याच्या मिलात माझ्या बाजूला काम करणाऱ्या एका बाईला अंगावरून जात होतं. दवाखान्यात तिला एकटीलाच गोळ्या दिल्या. नवऱ्याला घेऊन या, असं कुणी म्हणालं नाही. दोघांनी एकदम औषध घेतलं नाही तर लागण फिरून होते, एवढी साधी गोष्ट! मी म्हटलं, निरोध वापरायला सांग. तर म्हणते, "ते काय म्हणतील ठावं हाय? माझ्यावर भरवसा नाय काय? नायतर तूच कुठं जातीस?" भावांनो, भरवसा बाईनं ठेवायचा आणि संशय बी तिनंच सोसायचा, असा हा हिशेब आहे. बऱ्याच बायांना तर लागण झालेली कळत पण नाही, लक्षणच दिसत नाही.

मलिकाबाईंचं पुस्तक 'मी'तून फारसं बाहेर पडत नाही, हा माझा त्यावर आक्षेप आहे. बेबीताई कांबळ्यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये (१९८६) उलटं. तिथं अख्खा महारवाडा आहे, बायांच्या अंगावरचे वळ आहेत. पण बेबीताई हे लिखाण वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवत होत्या, आणि स्वतः खाल्लेला मार त्यांनी पुस्तकात घातला नाही, पुढं मुलाखतीत सांगितला. एकीनं 'मी' लिहिला, दुसरीनं 'आम्ही'. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. आपल्या समीक्षेनं ते केलं नाही. तिला विद्रोह रस्त्यावरच दिसतो.

हे चळवळीबाहेरचं आहे म्हणणाऱ्यांना १९३४ सांगते. 'समाजस्वास्थ्य'वर खटला झाला तेव्हा र. धों. कर्व्यांचं वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं. १० नोव्हेंबर १९३८ ला मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव त्यांच्याच पक्षाच्या रोहमांनी मांडला. तो पडला. आज? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात बायांची नसबंदी ३७.९ टक्के, पुरुषांची ०.३. घणसोलीपासून तुर्भ्यापर्यंत १४ एप्रिलची किती भाषणं ऐकली, त्या ठरावाचं नाव अजून एकदाही कानावर आलेलं नाही.