मिलानचा चौक : एका निबंधाची चिकित्सा

बिसिआक व लुझ्झात्ती यांचा १९७८ सालचा निबंध अवधानविकाराच्या अभ्यासात पायाभूत मानला जातो, आणि तो मान यथार्थ आहे. मेंदूच्या उजव्या गोलार्धास इजा झालेल्या दोघा रुग्णांस त्यांनी मिलानच्या कॅथीड्रलसमोरील चौक मनात आणून वर्णावयास सांगितले. कॅथीड्रलकडे तोंड असल्याची कल्पना करताना डावीकडील इमारती बव्हंशी गळाल्या. कॅथीड्रलच्या दारातून पाहत असल्याची कल्पना करताच गळालेल्या अवतरल्या व आधीच्या लोपल्या. अर्थात स्मृती शाबूत होती.

तथापि मनश्चित्राची डावी बाजूच उभी राहत नाही, हे लेखकांचे स्पष्टीकरण सर्व रुग्णांस लागू पडत नाही. केवळ कल्पनेतच डावी बाजू सोडणारा रुग्ण ग्वारिल्या प्रभृतींनी १९९३ साली नोंदविला. उलट प्रकारचे रुग्णही आढळतात. तोलाची गोष्ट तर याहून निराळी. पक्षाघातानंतर स्वतःस निकामी बाजूकडे ढकलणाऱ्या रुग्णांस, कार्नाथ प्रभृतींच्या २००० सालच्या शोधानुसार, शरीर सुमारे १८ अंश कललेले असता ते ताठ वाटते. डोळ्यांनी मात्र उभी रेषा ते अचूक ओळखतात.

तेव्हा ‘अवकाशभान’ ही एकच शक्ती मानणे सदोष होय. कागदावरील रेघांच्या चाचणीत उत्तीर्ण झालेला रुग्ण खाटेवरून उतरताना पडू शकतो, ही जाणीव ठेवूनच हा निबंध वाचावा.