प्रती मोजाव्या की कुळे लावावी?

आपल्याकडे पाठनिर्णय पुष्कळदा प्रती मोजून केला जातो. धर्मानंदांचे पुत्र दामोदर कोसंबी यांच्या भर्तृहरीच्या चिकित्सक आवृत्तीमागे (१९४८) ३७७ हस्तलिखिते आहेत; परंतु तिचे बळ पोथ्यांच्या वर्गीकरणात आहे.

समजा, नेरळच्या एखाद्या विहारात वंदनेच्या पाच पुस्तिका आहेत आणि त्यांपैकी तीनमध्ये ‘समादियामि’, म्हणजे ‘ग्रहण करतो’, याऐवजी ‘समाधियामि’ छापले आहे. तिन्हींत नेमकी एकच ओळही गळालेली असेल, तर त्या बहुधा एकाच प्रतीवरून उतरल्या. ही साक्ष तिघांची नव्हे, एकाचीच. मात्र केवळ ‘द’चा ‘ध’ झाल्याने नाते सिद्ध होत नाही. ‘समाधि’ शब्द कानांत बसलेला कोणताही जुळारी ही चूक स्वतंत्रपणे करील. शुद्ध पाठाचे साम्य तर कुळाविषयी काहीच सांगत नाही. तो मूळ ग्रंथातूनच सर्वांकडे आलेला असतो.